शिमग्याला आलेल्या दादाला, मनापासून

प्रिय दादा,

शिमग्याला मुंबईहून माणूस गावी येतो तो पालखी नाचवायला. तू मात्र भर दुपारी आमच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसलास आणि पायथनमधल्या फास्टएपीआयवर (वेब-अ‍ॅप बांधायच्या तयार चौकटीवर) आंब्याच्या ऑर्डरी घेणारं अ‍ॅप उभं करून गेलास. त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र.

एकट्याने लिहिलं असतंस तर तुझं काम केव्हाच उरकलं असतं. पण कीबोर्ड तू माझ्याच पुढ्यात ठेवलास. कोडमधला असिंक हा शब्द म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तेव्हा म्हणालास, "आढी लावली की आपण पेंढ्याशेजारी आंबा पिकायची वाट बघत बसतो काय? पुढची रास निवडायला घेतो ना?" पेमेंटच्या सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत अ‍ॅपनेही तेच करायचं. अवेट लिहिलं त्या जागी ते काम थांबतं आणि इव्हेंट लूप, म्हणजे कामं आळीपाळीने चालवणारा फेरा, दुसऱ्या ग्राहकाकडे वळतो.

मग ते डोळ्यांनी दाखवलंस. असिंक फंक्शनमध्ये दहा सेकंद नुसतं थांबवून ठेवणारं साधं टाइम डॉट स्लीप टाकलंस. एका टर्मिनलमधून त्याला हाक मारलीस आणि दुसऱ्यातून मला दरपत्रक मागायला लावलंस. दरपत्रक काही येईना, अख्खं अ‍ॅप गप्प! त्याच ओळीत अवेट लावून असिंकआयओ या पायथनच्या लायब्ररीचं स्लीप घातलं, तर तिकडे दहा सेकंद चालूच आणि इकडे दरपत्रक हजर. शेवटी असिंक शब्दच काढलास. नुसतं डेफ, म्हणजे साधं फंक्शन, असलं की फास्टएपीआय ते वेगळ्या थ्रेडवर (बाजूला चालणाऱ्या धाग्यावर) चालवतं, म्हणून बाकीचं अडत नाही. आमची डेटाबेसची लायब्ररी जुन्या पद्धतीची, म्हणजे तिला अवेट लावता येत नाही, तेव्हा ती फंक्शनं तशीच ठेवली. सगळीकडे असिंक चिकटवायचं नसतं, हे मला इतक्या सरळपणे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

अ‍ॅप चालवणारं युव्हिकॉर्न आपणहून फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे त्याच संगणकावरून आलेलं, ऐकतं, त्यामुळे आईच्या मोबाइलवर पान उघडेना. होस्ट 0.0.0.0 (म्हणजे नेटवर्कवरूनही ऐक) दिला आणि घरच्याच वायफायवर उघडलं. आईने चष्मा लावून पाच डझनच्या पेटीचा दर वाचला, तिथल्या तिथे बदलायला लावला आणि तुला म्हणाली, "बरा केलंस झिला." पुढे एन्जिनएक्स (बाहेरून आलेल्या विनंत्या अ‍ॅपकडे पोचवणारं), सिस्टमडी (सर्व्हरवर अ‍ॅप चालू ठेवणारं) वगैरे भराभर झालं. सर्व्हर बंद होऊन सुरू झाला तरी अ‍ॅप आपोआप उठतं, हे बाबांना सगळ्यात आवडलं.

फास्टएपीआय सेबास्तियान रामिरेझ यांनी 2018 मध्ये आणलं, आणि कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकनही त्याच वर्षी मिळालं. हे तूच हसत सांगितलं होतंस.

एप्रिलमध्ये एकदम ऑर्डरी आल्या तेव्हा मी लॉग उघडून बसले होते. एकाचं पेमेंट अडकलेलं आणि खाली दुसऱ्यांच्या ऑर्डरी नोंदत चाललेल्या. त्यातली प्रत्येक ओळ मला कळत होती, दादा. याबद्दल तुझे खूप खूप आभार.

पेटी भरली की ग्राहकाला तिथल्या तिथे कळावं म्हणून आता वेबसॉकेट (सर्व्हरला आपणहून निरोप धाडता येईल अशी उघडी जोडणी) लिहायला घेतलंय. गणपतीला येशील तेव्हा तेवढं तपासून दे.

तुझी,
वाडीतली धाकटी बहीण
देवगड