‘होय’चे बहुमत आहे, पण ‘होय’ म्हणालं कोण?

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
विधान भवन, मुंबई

महोदय,

२०२५ची आषाढी होऊन चार दिवस झाले होते. गुरुपौर्णिमा होती. संध्याकाळच्या बातम्यांत कळलं की विधानसभेनं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, म्हणजे बेकायदा ठरवलेल्या संघटनांशी संबंध असला तर तुरुंगात टाकता येईल असा कायदा, आवाजी मतदानानं मंजूर केला. माझी भाची इथं सोलापुरात वकिलीचं शिकते. जेवता जेवता तिनं विचारलं, ‘मामा, आपल्या जिल्ह्यातल्या आमदारांनी काय मत दिलं?’

मी एका टॉवेल कारखान्यात तेहतीस वर्षं हिशेब लिहिला. कुणी आकडा विचारला की वही उघडायची, एवढंच मला येतं. म्हटलं, बघून सांगतो. तो शब्द अजून पाळता आलेला नाही, म्हणून हे पत्र.

आधी पेपर चाळले. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं होतं, लोकांकडून साडेबारा हजारांवर सूचना आल्या होत्या, सभागृहात चर्चा झाली, हे सगळं सापडलं. मत मात्र एकाच आमदाराचं सापडलं: डहाणूचे विनोद निकोले. सभागृहात विरोध करणारे ते एकटेच, म्हणून त्यांची बातमी झाली. म्हणजे बघा, पालघर जिल्ह्यातल्या डहाणूचा आमदार काय म्हणाला हे मी सोलापुरात बसून सांगू शकतो. माझ्या दारात मत मागायला येतो तो काय म्हणाला, ते नाही.

आमच्या जिल्ह्यात अकरा मतदारसंघ. २०२४ला पाच जागा भाजपला गेल्या, सहा विरोधकांना. पाच जणांनी ‘होय’ म्हटलं असणार. असणार! हिशेबाच्या वहीत हा शब्द मी लिहिला असता तर मालकानं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि उरलेले सहा? त्यांच्यातले कोण ‘नाही’ म्हणाले, कोण गप्प बसले, कोण त्या वेळी लॉबीत चहा घेत होते, कोण मुंबईतच नव्हते? दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. पुढं तेच पक्ष या कायद्याविरुद्ध रस्त्यावरही उतरले. रस्त्यावरचा ‘नाही’ आम्ही डोळ्यांनी पाहिला. सभागृहातल्या त्यांच्या ‘नाही’ची नोंद कुठं आहे?

शेवटी एका आमदारांच्या कार्यालयात फोन लावला. कोणाच्या ते सांगत नाही, अकरांपैकी कुणाच्याही कार्यालयात हेच झालं असतं. फोनवरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, ‘काका, साहेब पाठीशी आहेत.’ मी विचारलं, कुणाच्या? म्हणाला, ‘सगळ्यांच्या.’ मग त्यानंच विचारलं, ‘काका, तुमचं काही काम होतं का?’

त्याला दोष देत नाही. आमदाराकडं फोन म्हणजे काम: नळाला पाणी, दाखला, बदली, दवाखान्यातली खाट. उजनी धरण भरलं तरी ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं विधेयकाची चौकशी करणारा माणूस विक्षिप्तच वाटणार.

कारकिर्दी आम्हाला पाठ असतात, ते वेगळं. चार हुतात्मा चौकाजवळ कुठल्याही टपरीवर उभे राहा, अर्ध्या कप चहात आमदाराची कुंडली मिळते. कोण कुठल्या पक्षातून आला, आधी कोणाचा पोलिंग एजंट होता, कोणाच्या साखर कारखान्यावर वाढला. सांगोल्याची २०१९ची निवडणूक ७६८ मतांनी लागली, हे इथं पोरंही सांगतात. त्यात निवडून आलेल्या शहाजीबापूंचं गुवाहाटीतलं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ तर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण बापूंनी त्या पाच वर्षांत कुठल्या विधेयकाला काय म्हटलं, हे विचारा. त्यातलं एक मत मी छातीठोकपणे सांगू शकतो: ४ जुलै २०२२चा विश्वासदर्शक ठराव. कारण त्या दिवशी एकेक सदस्य उभा करून शिरगणती झाली. १६४ विरुद्ध ९९.

त्याच सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. १९६२ला पहिल्यांदा, २०१४ला शेवटच्यांदा, मध्ये १९७२ आणि १९९५चे दोन पराभव. एसटीच्या गाडीत आमदारांसाठी राखीव लिहिलेली सीट असते, तिच्यावर खरोखरचा आमदार बसलेला पाहायचा तर आम्हाला आबासाहेबच आठवतात. त्यांचं मत काय असेल हे वही न बघता कळायचं, कारण झेंडा जन्मभर एकच. आमच्या पूर्व भागातले माजी आमदार आडम मास्तर, त्यांचंही तसंच. लाल बावटा म्हणजे कामगाराची बाजू, पटो न पटो. आता झेंडा बघून मत ओळखायची सोय राहिलेली नाही. एका पक्षाचे दोन होतात, दोन्हीकडे नाव तेच, फोटोही तेच. निदान मत तरी लिहून ठेवायला नको का?

माझी आई विड्या वळायची. आमच्या घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, पण विडीचा हिशेब दोन्ही भाषांत सारखाच. सकाळी कामं उरकून मांडीवर सूप घ्यायची, संध्याकाळी हजार विड्या. पंचवीस-पंचवीसचे चाळीस कट्टे बांधायचे आणि ब्रँचवर न्यायचे. तिथला तपासनीस हातात कट्टा घेऊन अंगठ्यानं दाबून बघायचा. एखादी सैल, एखादीचं तोंड नीट मिटलेलं नाही, की झाली छाट. छाट विड्यांचे पैसे नाहीत. पण आईच्या कार्डावर रोज लिहिलं जायचं, दिल्या किती, छाट किती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडा यायचा. छाट जास्त लिहिली वाटलं तर ती कार्ड तपासनिसापुढं धरून भांडायची, आणि मागं रांगेत उभ्या बायका तिला साथ द्यायच्या. भांडता यायचं, कारण कार्ड होतं. मी पुढं कारखान्यात लागलो तिथंही तेच. टॉवेलच्या प्रत्येक गठ्ठ्यावर माग नंबर आणि पाळी लिहिलेली. धागा सुटला तर कुणाच्या मागावर सुटला, हे पाच मिनिटांत कळायचं.

तेव्हा एका विडीची नोंद ठेवणाऱ्या शहरातून विचारतोय, एका कायद्याची का नाही?

पद्धत मला ठाऊक आहे. आपल्या सभागृहाचं कामकाज आता थेट दिसतं, मी कारखाना सुटल्यापासून बरंच बघतो. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. दोन आवाज उठतात. मग ‘होय’चे बहुमत आहे, ‘होय’चे बहुमत आहे, विधेयक संमत. लोकसभेतही बहुतेक विधेयकं अशीच होतात, हेही खरं. शोकप्रस्तावाला किंवा एखाद्या कायद्यातली शब्दाची दुरुस्ती असेल त्याला कुणी शिरगणती मागत नाही. पण माणसाला तुरुंगात टाकता येईल असा कायदा, किंवा सात लाख कोटींचा अर्थसंकल्प, हाही त्याच दोन आवाजांत जावा?

कॅमेरा असतो तरी उपयोग होत नाही. तो आसनावर असतो, नाही तर बोलणाऱ्यावर. बाकांवरून येणारा ‘होय’ हा गर्दीचा आवाज. त्यात बार्शी कुठली आणि माळशिरस कुठलं, कसं ओळखणार? शिवाय गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एक दशांश सदस्य पुरतात, म्हणजे २८८च्या सभागृहात २९. समजा उद्या बारा कोटी लोकांसाठीचा एक कायदा पंधरा जणांच्या ‘होय’वर झाला, तर त्या पंधरांत माझा होता की नव्हता, हे मला कोण सांगणार?

वेळ जातो म्हणाल, तर गरज पडली तेव्हा वेळ काढलेलाच आहे. ३० नोव्हेंबर २०१९ला विश्वासदर्शक ठरावावर मोजणी झाली, बाजूनं १६९. ३ जुलै २०२२ला खुद्द अध्यक्षांची निवड मोजून झाली, दुसऱ्या दिवशी सरकारवरचा विश्वासही. उलट १२ नोव्हेंबर २०१४ला सरकारवरचा विश्वास आवाजी मतानं मंजूर झाला आणि मतविभागणीची, म्हणजे दोन्ही बाजूंची मतं मोजून घेण्याची, मागणी गोंधळात विरली. ९ डिसेंबर २०२४लाही आवाजीच. म्हणजे खुर्ची डुगडुगत असेल तर डोकी मोजायची, भक्कम असेल तर आवाज पुरे. आणि विरोधी बाकांनाही यातून सोडत नाही. कुणीही सदस्य मतविभागणी मागू शकतो. हरणार हे ठाऊक असताना मागितली तर निदान नावं कागदावर येतात. ती का मागत नाहीत, याचं उत्तर मला सुचतं, पण ते सभ्य भाषेत बसत नाही.

एक गोष्ट मला खरंच उमगत नाही. १९८५च्या पक्षांतरबंदीनं असं ठरवलं की व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं, किंवा गैरहजर राहिलं, आणि पक्षानं पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. एका मताला एवढी किंमत! आणि ते मत मात्र कुठं लिहिलेलं नाही. भाची म्हणते, ‘मामा, आमदार व्हिपप्रमाणेच मत देणार, मग लिहून काय फायदा?’ मी तिला सांगितलं, तुझी आजीही मालकानं ठरवलेल्या मापाच्याच विड्या वळायची, तरी कार्ड होतं.

आमची नोंद मात्र सगळीकडं आहे. शिधापत्रिकेवर अंगठा, मतदारयादीत फोटो, लाडक्या बहिणीला ई-केवायसी. कुंभारीच्या रे नगरमध्ये घर मिळालेल्या कामगारांची नावं याद्यांमध्ये आहेत. मतदाराची ओळख इतक्या वेळा पटवून घेणाऱ्या राज्यानं आमदाराची एकदा पटवून घ्यावी.

गेल्या निवडणुकीआधी घरी आलेला एक कार्यअहवाल माझ्या कपाटात आहे. गुळगुळीत कागद, चौसष्ट पानं. मी मोजले, भूमिपूजनाचे एकोणचाळीस फोटो. नारळ, टिकाव, फीत, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, सभामंडप. ‘विधेयक’ हा शब्द एकदाही नाही. आमदार छापत नाहीत, कारण आम्ही विचारत नाही, आणि आम्ही विचारत नाही, कारण सांगता येईल अशी नोंदच नाही. ही गाठ सोडवायला कुठला आमदार पुढं येईल असं मला वाटत नाही.

तुम्हाला लिहायचं कारण हेच. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९नं तुम्हाला पहिल्या फेरीत मतच दिलेलं नाही. बरोबरी झाली तरच तुमचं मत. म्हणजे या नोंदीत तुमचं स्वतःचं काही अडकलेलं नाही. आणि सभागृहाचे नियम सभागृहच ठरवतं, त्याला दिल्लीला विचारावं लागत नाही. मागणं मोठं नाही. सरकारी विधेयक शेवटच्या मंजुरीला येईल तेव्हा, आणि अर्थसंकल्पावर, नावानिशी मत घ्यावं. बटणानं घ्या, उभं करून घ्या, सहीनं घ्या. त्याच संध्याकाळी मतदारसंघाच्या नावापुढं ‘होय’, ‘नाही’, ‘तटस्थ’, ‘गैरहजर’ एवढं मराठीत लावा. अगदी सगळ्या विधेयकांना जमत नसेल तर येत्या अधिवेशनात एका विधेयकावर करून बघा. कुठलंही चालेल.

भाचीनं दुरेघी वहीत अकरा रकाने आखलेत: करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण, पंढरपूर, सांगोला, माळशिरस. पहिल्या ओळीला तारीख घातलीय १० जुलै २०२५, आणि अकराही रकान्यांत प्रश्नचिन्हं. पेनानं नाही, पेन्सिलनं. खोडरबर तिनं वहीलाच दोऱ्यानं बांधून ठेवलाय.

आपला,
टॉवेल कारखान्यातला एक निवृत्त हिशेबनीस
पूर्व भाग, सोलापूर