‘होरेस अँड पीट’ आणि कॅमेऱ्यासमोरचं नाटक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नाटकाचं चित्रीकरण ओटीटीवर बघताना एक तक्रार हमखास ऐकू येते: थिएटरात रंगलेलं नाटक पडद्यावर खोटं वाटतं. यात दोष नाटकाचा नाही. शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज आणि मोठे केलेले हातवारे आपण नटाच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर बसून बघतो, म्हणून ते खटकतं. ही अडचण कशी सुटते हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने लुई सी. के. या अमेरिकी विनोदकाराने लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली ‘होरेस अँड पीट’ ही दहा भागांची मालिका जरूर बघावी. आपल्याकडे तिची चर्चा फारच कमी झाली, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये पाच महिलांनी या कलाकारावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आणि ते खरे असल्याचं त्याने मान्य केलं. त्यामुळे ज्यांना त्याचं काम बघायचंच नाही, त्यांचा निर्णय आम्हाला मान्य आहे. पण या मालिकेत अ‍ॅलन अल्डा, स्टीव्ह बुशेमी, ईडी फाल्को, जेसिका लँग आणि लॉरी मेटकाफ यांनी जे करून दाखवलं आहे, ते त्या एका माणसापुरतं नाही.

३० जानेवारी २०१६, शनिवार. जाहिरात नाही, ट्रेलर नाही. लुईच्या ईमेल यादीतल्या लोकांना एक ईमेल गेला आणि पहिला भाग त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर हजर. किंमत पाच डॉलर. दुसऱ्या भागाला दोन, पुढच्या प्रत्येकाला तीन. म्हणजे सगळी मालिका एकतीस डॉलरमध्ये. दर शनिवारी एक याप्रमाणे २ एप्रिलला शेवटचा भाग आला. मध्ये वाहिनी नसल्यामुळे जाहिरातींच्या वेळा सांभाळायच्या नव्हत्या, लांबीही ठरलेली नव्हती. पहिला भाग तासाहून मोठा आहे, त्यात नाटकासारखं मध्यंतरसुद्धा आहे. काही भाग त्याच्या निम्म्यातच आटोपतात. प्रवेशात जेवढा जीव, तेवढीच त्याची लांबी. वाहिनीवरच्या अर्ध्या तासात जाहिराती वगळून उरणारी बावीस मिनिटं भरायचीच आहेत म्हणून घातलेलं एकही वाक्य यात सापडत नाही.

गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका जुन्या बारची. १९१६पासून हा बार एकाच घराण्याकडे आहे आणि पिढ्यान्पिढ्या तो चालवणारे एक होरेस आणि एक पीट असतात. आताचा होरेस लुई स्वतः, पीट म्हणजे बुशेमी. पीट मानसिक आजाराशी झुंजतोय आणि त्याला माणसात ठेवणारं औषधच बाजारातून जायच्या बेतात आहे. बहीण सिल्व्हियाला (ईडी फाल्को) बार विकून पैसे हवेत, कारण तिला कर्करोगाचं निदान झालं आहे. गल्ल्यामागे बसतो तो अंकल पीट, म्हणजे अ‍ॅलन अल्डा. ‘मॅश’ या जुन्या अमेरिकी मालिकेतला प्रेमळ डॉक्टर ज्यांनी बघितला आहे, त्यांना या म्हाताऱ्याची विखारी जीभ ऐकून धक्काच बसेल. बारमध्ये कॉकटेल मिळत नाही, आणि गंमत म्हणून आलेल्या फॅशनेबल पोरांकडून हा म्हातारा बिनदिक्कत जास्त पैसे घेतो. खाली बार, वर घर. बहुतेक सगळं नाटक या दोन नेपथ्यांतच घडतं.

आता कारागिरीबद्दल, कारण खरा मुद्दा तोच आहे.

चार कॅमेरे, दोन सेट, नियंत्रण कक्ष अशी सगळी मांडणी अमेरिकी विनोदी मालिकेसारखीच आहे. फक्त समोर प्रेक्षक नाहीत आणि हशाची ध्वनिफीतही नाही. याचा परिणाम फार मोठा होतो. हशा असतो तेव्हा नट वाक्य टाकून थांबतो आणि ती जागा हशाने भरते. इथे नट तसाच थांबतो, पण ती जागा रिकामीच राहते आणि समोरच्या पात्राला तिचं काहीतरी करावं लागतं. कोणी ग्लास पुसतो, कोणी नजर फिरवतो. विनोदाचंच यंत्र, पण त्यातून घुसमट बाहेर पडते. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पॉल सायमन यांचं शीर्षकगीत सोडलं तर प्रेक्षकाला काय वाटायला हवं हे सांगायला कोणी येत नाही.

तिसऱ्या भागाची सुरुवात बघा. पडद्यावर एका बाईचा चेहरा. ही सारा, होरेसची घटस्फोटित बायको. काम लॉरी मेटकाफ यांचं. ती बोलायला लागते. समोर कोण बसलंय ते दिसत नाही, कुठे बसलीय तेही कळत नाही. जवळजवळ नऊ मिनिटं कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. ती एक लाजिरवाणी गोष्ट सांगते आहे. सांगता सांगता अडते, ओठ मिटते, मागे जाऊन वाक्य दुरुस्त करते. मग कुठे कट होतो आणि ऐकणारा होरेस दिसतो. हाच कट दुसऱ्या मिनिटाला घेतला असता तर आपली सुटका झाली असती. प्रतिक्रिया दिसली की प्रेक्षकाला स्वतःला काही ठरवावं लागत नाही. इथे नऊ मिनिटं ऐकणारे आपणच असतो. या एका भागासाठी मेटकाफ यांना एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं आणि मालिकेला पुढे पीबडी हा तिथला मानाचा पुरस्कार मिळाला.

आमच्याकडच्या काही हौशी मंडळींना असं काही करून बघायचं असतं. बहुतेक वेळा ते कुठे फसतं, तेही सांगतो. पहिली चूक तालमीची. कॅमेरा आहे, चुकलं तर पुन्हा घेऊ, म्हणून पाठांतर कच्चं ठेवतात. मग तुकड्या-तुकड्यांत घ्यावं लागतं आणि प्रवेशाचा श्वास तुटतो. वीस मिनिटांचा प्रवेश सलग, न थांबता, कॅमेऱ्याशिवाय लागोपाठ तीनदा नीट झाल्याशिवाय सेटवर जाऊ नये. दुसरी चूक आवाजाची, आणि ती सगळ्यात महागात पडते. कॉलर माइक कपड्याला घासतो, वर पंखा घरघरतो, शेजारी फ्रिज सुरू होतो. नाटकात हे कोणाला ऐकू येत नाही. शांततेवर उभ्या असलेल्या प्रवेशात ते वाक्याइतकंच ऐकू येतं. पंखा, एसी, फ्रिज बंद करा, बूम माइक (लांब काठीला लावलेला माइक) डोक्याच्या वर धरा आणि रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज वेगळा घेऊन ठेवा, संकलनात जोड लपवायला तो लागतोच. काचेचे ग्लास टेबलावर ठेवायचे असतील तर खाली फेल्ट (नमद्यासारखं जाड मऊ कापड) चिकटवा.

तिसरी अडचण प्रकाशाची. तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालणार असतील तर प्रत्येक बाजूने चेहरा दिसावा म्हणून सगळीकडे सारखाच उजेड सोडतात आणि खोली कार्यालयासारखी दिसते. त्यापेक्षा दिवे खोलीतल्याच जागांवरून आल्यासारखे ठेवावेत (टेबलावरचा दिवा, खिडकी) आणि एखाद्या कोपऱ्यात नट थोडा अंधारात गेला तर जाऊ द्यावा. कॅमेरे तीन असले तरी चालेल: एक दोघांना एकत्र पकडणारा, दोन चेहऱ्यांवर. तिन्ही एकाच बाजूला ठेवले म्हणजे नजरेची दिशा उलटत नाही. आणि ग्लासात दारू किती उरली आहे यावर एका माणसाने लक्ष ठेवायलाच हवं, नाहीतर संकलनात ग्लास आपोआप भरतो.

खर्चाबद्दल लिहायचं तर लुईने सगळं स्वतःच्या पैशाने केलं आणि त्यापायी मोठं कर्ज झाल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलंही होतं. तिथली नटमंडळी, तिथला स्टुडिओ, तिथले दर यांचा तो हिशेब. आपल्याकडे दोन पात्रांचं, एका खोलीतलं नाटक करायला एवढं काही लागत नाही. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या वर्षांत स्टुडिओत नेपथ्य लावून नाटकं होतच होती. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात वाढलेल्या प्रायोगिक रंगभूमीला प्रेक्षकाच्या इतकं जवळ जाऊन, आवाज न चढवता काम करण्याची सवय होती. नटांची ती तयारी आजही आहे.

आपल्या रविवार पुरवणीत मालिकांची परीक्षणं येतात, त्यात कथानक आणि अभिनय यांबद्दल भरपूर असतं. कॅमेरा कुठे ठेवला होता, शांतता किती ठेवली, पार्श्वसंगीत कुठे वापरलं आणि कुठे टाळलं, याबद्दलही दोन परिच्छेद येऊ लागले तर आमच्यासारख्या वाचकांना फार उपयोग होईल. सुरुवात या मालिकेच्या तिसऱ्या भागापासून करता येईल. तो कळायला आधीचे दोन भाग बघितलेलेच असायला हवेत असं नाही.

आपले,
काही रंगकर्मी वाचक, सांगली