‘चक्कर आली’ याचे इंग्रजी

नौपाडा, ठाणे

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल नेरूळला परत जाताना तू ओईटीच्या, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजी परीक्षेच्या, सरावाची वही इथेच विसरलीस आणि ती चाळल्यावाचून मला राहवले नाही. ३४ वर्षे इंग्रजीच्या वह्या तपासल्याची खोड इतक्यात जायची नाही.

‘चक्कर आली’ यासाठी तू सगळीकडे ‘गिडीनेस’ लिहिले आहेस. आपल्या या एका शब्दात निरनिराळ्या तक्रारी एकत्र नांदतात. खोली गरगर फिरते तेव्हा ‘व्हर्टिगो’, डोके हलके होऊन अंधारी येते तेव्हा ‘लाइटहेडेड’, नुसताच तोल जातो तेव्हा ‘अनस्टेडी’ आणि शुद्ध हरपून माणूस कोसळतो तेव्हा ‘फेंटेड’ किंवा ‘पास्ड आउट’. त्यातही ‘आय फेल्ट फेंट’ म्हणणारा पडेलच असे नाही. ‘आय फेंटेड’ म्हणणारा मात्र बेशुद्ध होऊन सावध झालेला असतो. तेव्हा रुग्णाने ‘डिझी’ म्हटले की तो शब्द टिपून पुढे जाऊ नकोस, म्हणजे नेमके काय झाले ते विचार.

हे मी इतके ताणून सांगतो याचे कारण तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जांभळी नाक्यावर मी भर उन्हात पडलो, तेव्हा कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी चप्पल हुंगवली आणि मला रुग्णालयात नेणाऱ्या भल्या तरुणाने तिथे ‘फिट आली’ एवढेच सांगितले. कागदावर तेच उतरले. त्या एका शब्दापायी मेंदूचा आलेख काढून झाला आणि दीड महिना तुझ्या आईने मला स्कूटरला हात लावू दिला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहणारे कोण होते असे विचारले, तेव्हा आई त्या भाजीवालीला गाठून आली. ती म्हणाली, ‘काका उभ्या उभ्या पांढरेफटक पडले, घामाने निथळले, मग खाली कोसळले. हात दोनदा उडाले आणि डोळे उघडल्याबरोबर विचारतात, माझी पिशवी कुठाय?’

त्या पिशवीच्या प्रश्नातच बरेचसे उत्तर होते. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडून येणाऱ्या बेशुद्धीतही हातपायांना थोडे झटके बसू शकतात, पण माणूस लवकर भानावर येतो. मोठ्या आकडीत शरीर आधी ताठ होते, मग लयीत झटके येतात, जिभेची कड चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. कपड्यांत लघवी होणे दोन्हींत घडते, त्यावर फार विसंबू नये. भाजीवालीचे म्हणणे तू असे लिहिशील: ‘ही वेंट पेल अँड स्वेटी, कोलॅप्स्ड, हिज आर्म्स जर्क्ड ट्वाइस, अँड ही केम राउंड क्विकली विदाउट कन्फ्यूजन.’ यात रोगाचे नाव कुठेच नाही, म्हणून तर डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

थरथरीलाही तू सरसकट ‘शेकिंग’ म्हटले आहेस. तापातल्या हुडहुडीला ‘शिव्हरिंग’, हात कापण्याला ‘ट्रेंबलिंग’ आणि आकडीतल्या झटक्यांना ‘जर्किंग’ म्हण. मेंदूच्या एका भागात सुरू होणाऱ्या आकडीला लिहिलेले ‘पार्शल सीझर’ खोडून ‘फोकल सीझर’ कर, ते वर्गीकरण २०१७ साली बदलले. ‘एपिलेप्टिक’ हे माणसाला लावायचे विशेषण नव्हे, ‘पेशंट विथ एपिलेप्सी’ म्हणावे. ब्रिटनमधले लोक बोलताना आपल्यासारखेच ‘फिट’ म्हणतात, वयस्कर मंडळी नुसते ‘फनी टर्न’ म्हणून मोकळी होतात. ते ऐकून समजून घे, परीक्षेतल्या पत्रात मात्र ‘सीझर’ लिही, तेही खात्री असेल तरच. आकडी किती वेळ टिकली हे विचारायला विसरू नकोस. घाबरलेल्या नातेवाइकांना एक मिनिटही दहा वाटते, आणि ५ मिनिटांवर चाललेली आकडी तर तातडीची बाब असते.

वही मी जपून ठेवली आहे. येत्या रविवारी रोल-प्ले करू. ‘फनी टर्न’ आलेला म्हातारा मी होतो, भाजीवाली व्हायला आई तयार आहे. ती प्रश्नाबाहेर एक शब्दही सांगणार नाही, असे तिने आताच बजावले आहे.

तुझे,
बाबा