जॅकी मिटूबद्दल, तुझ्या त्या फोननंतर

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन ठेवला तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. तू म्हणालास की त्या अल्बमवाल्यानं तुझा पीस तसाच्या तसा ठेवलाय, अख्खं गाणं त्याच्यावर उभं आहे, आणि नावांच्या यादीत तू कुठेच नाहीस, पैसे मिळाले ते एका शिफ्टचे. आणि मग म्हणालास की गणपतीच्या सुपाऱ्या उरकल्या की कीबोर्ड विकून टाकतो. मला तेव्हा नीट काही बोलताच आलं नाही, म्हणून आता लिहितोय. लांबणार आहे हे, चहा घेऊन बस.

तुला एका माणसाबद्दल सांगायचंय. जॅकी मिटू. पहिल्यांदा नाव वाचलं तेव्हा मला आपल्या पिंजऱ्यातला मिठूच आठवला, पण हा जमैकाचा ऑर्गनवाला, सेंट अॅन परगण्यातल्या ब्राउन्स टाउनचा, जन्म मार्च १९४८. चौथ्या वर्षापासून आजीनं पियानो शिकवला त्याला. आणि हा आमच्या टोरांटोत राहिलेला माणूस आहे, म्हणून तर मला कळला. इथे एग्लिंटन वेस्टवर जमैकन लोकांची वस्ती आहे, लिटल जमैका म्हणतात, मेट्रोच्या कामानं वर्षानुवर्षं रस्ता खणून ठेवला त्यात बिचारी कितीतरी दुकानं गेली, पण न्हावी आणि पॅटीवाले अजून आहेत आणि रेगे लेन नावाची एक गल्लीच आहे. पहिल्या हिवाळ्यात मी तिथे केस कापायला शिरलो तर स्पीकरवर नुसता ऑर्गन चाललेला, गाणारा कुणी नाही, आणि तो ऑर्गनच गातोय असं वाटत होतं. मी विचारलं कोण हे, तर न्हाव्यानं कात्री थांबवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुण्यात राहून भीमसेन कोण असं विचारलंय.

तर ऐक. किंग्स्टनमध्ये ब्रेंटफर्ड रोडवर १३ नंबरला कॉक्सन डॉड नावाच्या माणसानं १९६३ मध्ये स्टुडिओ काढला, स्टुडिओ वन. १९६४ मध्ये तिथल्या दांडग्या वादकांचा स्काटलाइट्स हा बँड झाला, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, सगळे जॅझमध्ये मुरलेले बाप लोक, आणि त्यांच्यात पियानोवर हा सोळा वर्षांचा पोरगा. बँड जेमतेम सव्वा वर्ष टिकला, १९६५ मध्ये मोडला. आणि त्यानंतर स्टुडिओची संगीताची सगळी जबाबदारी कुणाकडे आली असेल? सॅक्सोफोनवाले रोलंड अल्फॉन्सो होतेच, पण हळूहळू सूत्रं ह्याच पोराच्या हातात आली, सतरा-अठराव्या वर्षी! आपण त्या वयात गॅदरिंगला 'एक प्यार का नगमा' बसवत होतो रे.

काम काय होतं ते समजून घे, कारण तू नेमकं तेच करतोस. बँडचं नाव बदलत राहिलं, सोल ब्रदर्स, सोल व्हेंडर्स, साउंड डायमेन्शन, पण कारखाना तोच. वादक पगारी. गायक चाल घेऊन यायचा किंवा नुसते शब्द घेऊन यायचा आणि कॉर्ड्स काय, बास कुठून उचलायचा, मध्ये काय वाजवायचं हे जॅकी आणि बाकीचे वादक तिथल्या तिथे बसवायचे. केन बूथ, आल्टन एलिस, डेलरॉय विल्सन, सगळ्यांच्या मागे हीच मंडळी. नावांमध्ये 'सोल' आहे ते उगाच नाही, अमेरिकेतलं सोल आणि आर अँड बी तिकडे मायामीच्या रेडिओवरून ऐकू यायचं, रेकॉर्डी यायच्या, आणि जॅकीचा ऑर्गन ऐकलास तर मेम्फिसच्या बुकर टी ह्या ऑर्गनवाल्याची आठवण येतेच. पण ताल बदलतो ना! १९६६ च्या सुमाराला स्का ह्या तिथल्या जलद संगीताची पळापळ थांबली, लय खाली आली, रॉकस्टेडी नावाचा संथ प्रकार सुरू झाला, मधे मोकळी जागा झाली आणि त्या जागेत ऑर्गन शिरला.

ते कसं ते तू कीबोर्डवर करूनच बघ. वन-अँड-टू-अँड मोज. त्या 'अँड'वर उजव्या हातानं कॉर्ड, अगदी तुटक, लगेच सोडायची. आणि तिच्या अलीकडे पलीकडे ज्या बारीक फटी राहतात त्यात डावा हात, हळू, दबून. पाणी उकळायला लागल्यावर बुडबुडे येतात ना तसं ऐकू येतं, म्हणून बबलच म्हणतात त्याला. ऐकणाऱ्याला वेगळा ऑर्गन कळतही नाही पण काढून टाकलास तर गाणं पंक्चर होतं. मला तर वाटतं आपल्या पेटीवाल्यांचं भजनातलं काम असंच आहे.

आता मुख्य गोष्ट. जमैकात रिद्दिम म्हणून प्रकार आहे. म्हणजे गाण्याचा मागचा ट्रॅक, बास, ड्रम, ऑर्गन, तो एकदा वाजवला की त्याच्यावर दुसरा गायक दुसरं गाणं गातो, मग तिसरा, मग कुणीतरी नुसतं बोलतो, वीस वर्षांनी कुणी पुन्हा नव्यानं वाजवून घेतो. आपल्या जुन्या नाट्यपदांच्या पुस्तकांत पदाच्या वर 'चाल: अमुक' छापलेलं असायचं ना, तसंच, फक्त तिथे चाल उसनी घ्यायचे आणि इथे साथ. साउंड डायमेन्शननं १९६७ मध्ये 'रिअल रॉक' वाजवलं, बिनशब्दांचं. त्याच्यावर विली विल्यम्सनं 'आर्मागिडिअन टाइम' गायलं, ते १९७९ मध्ये लंडनच्या क्लॅश ह्या पंक बँडनं उचललं, आणि त्याशिवाय किती गाणी झाली ह्याची मोजदाद लोकांनी सोडून दिलीये. दुसरं 'फुल अप'. त्याच्यावर माइटी डायमंड्सनी गांजाच्या चिलमीवर गाणं केलं, ते बर्मिंगहॅमच्या शाळकरी पोरांनी, म्युझिकल यूथनी, चिलमीच्या जागी स्वैपाकाचं भांडं घालून गायलं, 'पास द डची', आणि १९८२ मध्ये ते ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं! त्याच्या गीतकार-संगीतकारांत जॅकीचं नाव आहे, हे एक बरं झालं. पण सगळ्या ट्रॅकांचं तसं नाही झालं. त्या दिवशीचे पैसे त्या दिवशी मिळाले आणि ट्रॅक जगभर फिरत राहिला. मला हा अन्यायच वाटतो, आणि 'तेव्हा तशीच पद्धत होती' असं कुणी म्हणालं तर मला राग येतो, कारण तुझ्या बाबतीत आत्ताही तीच पद्धत आहे. आपल्याकडे सुद्धा बघ ना, सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या माणसांनी हिंदी गाण्यांचा सगळा वाद्यमेळ लिहिला आणि पडद्यावर नाव आलंच तर सहाय्यक म्हणून.

पण जॅकीचं मला जे जास्त भिडतं ते वेगळंच आहे. हेप्टोन्स ह्या गाणाऱ्या त्रिकुटातला गायक लेरॉय सिबल्स, त्याला बास येत नव्हता, जॅकीला आपल्या छोट्या बँडला बासवाला हवा होता तर त्यानं ह्यालाच बसवलं आणि वाजवायला लावलं. पुढे स्टुडिओ वनच्या कितीतरी प्रसिद्ध बासलाइन सिबल्सच्या आहेत! म्हणजे स्वतः विशीचा आणि दुसऱ्याला घडवतोय. तू त्या ढोलकीवाल्या पोराला ऑक्टोपॅड शिकवलास तेव्हा मला हेच आठवलं होतं, बोललो नव्हतो.

मग साठचं दशक संपता संपता तो टोरांटोला आला. का आला ते काही मोठं कोडं नाही, तेव्हा जमैकातून खूप लोक येत होते. इथे क्लबात वाजवायचा, सोल, फंक, रेगे सगळं, मधून मधून किंग्स्टनला जाऊन रेकॉर्डिंग करून यायचा. १९७१ मध्ये 'विशबोन' काढलं, व्हायोलिनचा ताफा वगैरे घेऊन, स्वतः गायला, आणि कॅनडाच्या रेडिओवर ते चाललं. त्याच वर्षी इथे नियम आला होता की एएम रेडिओवर तीस टक्के संगीत कॅनडाचं पाहिजे. स्वतःचं लेबल काढलं, स्टाइन-जॅक. सत्तरच्या दशकात बनी ली ह्या निर्मात्याकडे वाजवलं, नंतर शुगर मायनॉट ह्या गायकाबरोबर, न्यूयॉर्कच्या वॅकीज ह्या लेबलसाठी. १९८९ मध्ये जुन्या स्काटलाइट्सबरोबर पुन्हा बसला. आणि १६ डिसेंबर १९९० ला टोरांटोत कॅन्सरनं गेला. बेचाळीस वर्षांचा होता रे. आपण पुढच्या वर्षी बेचाळीसचे होऊ.

अंत्यसंस्कार किंग्स्टनच्या नॅशनल अरीनात झाले, घरात नाही, स्टेडियममध्ये. नाव सगळीकडे छापलेलं नसलं तरी तिथे आलेल्यांना माहीत होतं कोण गेलं ते. आणि २००० मध्ये लंडनच्या सोल जॅझ ह्या रेकॉर्ड कंपनीनं त्याच्या ऑर्गनचा अल्बम काढला, त्यावर 'कीबोर्ड किंग' असं लिहिलं, तेव्हा तो जाऊन दहा वर्षं झाली होती. मला ह्याचा आनंद होतो आणि वाईटही वाटतं, दोन्ही एकदमच.

तुला मी कीबोर्ड विकू नको असं सांगणार नाही, घराचे हप्ते तू भरतोस, मी नाही. पण दोन गोष्टी कर. पुढच्या रेकॉर्डिंगला बसायच्या आधी नाव कुठे येणार आणि ट्रॅक पुन्हा वापरला तर काय, हे कागदावर घे, साधं व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलंस तरी चालेल, पण घे. लाजू नकोस. आणि त्या गाण्याची कच्ची रेकॉर्डिंग तुझ्याकडे असेल, आवाज चढवायच्या आधीची, फक्त तुझा पीस आणि ढोलकी, ती मला पाठव. मी त्या न्हाव्याकडे शनिवारी जाणार आहे, त्याच्या स्पीकरवर लावायचीये.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापी.

तुझाच,
टोरांटोहून