सही करण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सॉल्ट स्प्रे टेस्ट (खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात माल गंजतो का, ही तपासणी) पूर्ण व्हायच्या आत बॅचवर सही कर म्हणून तुझ्यामागे लागलेत, हे ऐकल्यापासून डोक्यात एकच माणूस घोळतोय. अ‍ॅलन मॅकडॉनल्ड.

नासाच्या 'चॅलेंजर' अंतराळयानाचे बूस्टर, म्हणजे यानाला वर ढकलणारी रॉकेटं, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचा हा वरिष्ठ अधिकारी जानेवारी १९८६ मध्ये फ्लोरिडात, उड्डाणाच्या जागी होता. बूस्टरचे भाग जिथे जोडतात तिथे रबरी ओ-रिंग असते, आतला तप्त वायू निसटू नये म्हणून. गारठ्यात रबर कडक होतं, सांध्यात वेळेवर बसत नाही. २७ तारखेच्या रात्री उटाहमधल्या कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवर नासाला हेच सांगितलं: तापमान १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उडवू नका. नासाचे लोक उखडले. कंपनीने फोन बाजूला ठेवून आपापसात बैठक घेतली. तिथे इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला ऐकवलं गेलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. अर्ध्या तासात कंपनीचं मत फिरलं.

मुक्ता, त्या रात्री प्रश्नच उलटा झाला होता. एरवी इंजिनिअरला विचारत, 'सुरक्षित आहे हे दाखव.' त्या रात्री म्हणाले, 'धोका आहे हे सिद्ध कर.' तुलाही तेच विचारतायत ना?

मंजुरीच्या कागदावर सही मॅकडॉनल्डची लागायची. तो नाही म्हणाला. मग त्याच्या वरिष्ठाने उटाहमधून सही करून फॅक्स धाडला. सकाळी लाँच पॅडवर बर्फ लोंबत होता. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं, सातही जण गेले. क्रिस्टा मॅकऑलिफ तर शाळेतली शिक्षिका, तिचं उड्डाण बघायला देशभर वर्गावर्गांत मुलं टीव्हीसमोर बसली होती.

मग कित्येक आठवडे समुद्र धुंडाळला. अंतराळवीरांची केबिन मार्चमध्ये सापडली, सुमारे ३० मीटर खोल पाण्यात. अवशेषांत एक फुटबॉलही निघाला. त्या सातांपैकी एक, एलिसन ओनिझुका, यांच्या मुलीच्या शाळेच्या टीमने सह्या करून तो त्यांच्याबरोबर पाठवला होता. तो शाळेला परत मिळाला आणि पुढे दुसऱ्या एका अंतराळवीराबरोबर अवकाश स्थानकावर जाऊन आला. मी एका मुलीचा बाप आहे, त्यामुळे या फुटबॉलपाशी दर वेळी थांबतो.

चौकशी आयोगापुढे नासाचा अधिकारी त्या रात्रीची हकिगत अर्धीमुर्धी सांगत होता, तेव्हा मागे बसलेला मॅकडॉनल्ड उठला आणि बोलला. कंपनीने त्याला बाजूला सारलं. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी दबाव आणला, तेव्हा बूस्टर नव्याने डिझाइन करायचं काम त्याच्याचकडे आलं. सांध्याची रचना बदलली, तिसरी ओ-रिंग आली, हीटर बसले. २९ सप्टेंबर १९८८ ला नासाचं दुसरं यान 'डिस्कव्हरी' पाच जणांना घेऊन उडालं आणि सुखरूप परतलं. मला तो नकारापेक्षाही या अडीच वर्षांसाठी मोठा वाटतो.

तू आता एवढं कर. टेस्ट किती तासांवर आहे, किती बाकी आहे, सही का करत नाहीस, हे चार ओळींत ईमेलवर घाल. तोंडी बोलू नकोस. भांडूही नकोस, फक्त लिही. त्याच थायोकोलच्या रॉजर बॉइजॉलीने सहा महिने आधी, जुलै १९८५ मध्ये, ओ-रिंगचा धोका लेखी कळवला होता, म्हणूनच पुढे कंपनीला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता आलं नाही.

नोकरीवर आलं तर स्कूटरचे हप्ते मी भरेन, आईशी बोललोय. सोमवारी कितीही उशीर झाला तरी फोन कर.

तुझा,
बाबा