गणना फेब्रुवारीत आणि माणसे फडात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात येऊ घातलेल्या उद्योगांच्या बातम्या आपल्या दैनिकात सातत्याने येतात, आणि शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत जागा घेणाऱ्या कंपन्यांची नावे वाचून माझ्यासारख्या जुन्या माणसालाही बरे वाटते. या बातम्यांत गुंतवणुकीचा आकडा कोटींत असतो आणि त्याच्या शेजारी रोजगाराचा आकडा हजारांत असतो. हे रोजगार कोणत्या तालुक्यातील माणसांना, वर्षातले किती महिने आणि कोणत्या अटींवर मिळणार, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. नियोजन करणाऱ्यांकडेही त्याचे नेमके उत्तर नसावे, कारण आपल्याकडची माणसे मोजण्याची वेळच चुकते आहे.

मी बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी बँकेत रोखपाल होतो. दसरा जवळ आला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बांधणारे मुकादम पैसे काढायला येत आणि दोन दिवसांत ती रक्कम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, म्हणून वाड्या-तांड्यांवर वाटली जाई. आमच्याकडे ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी; मुकादमाने किती कोयते बांधले यावर त्याची पत ठरते. दिवाळी आटोपली की ट्रॉलीत भांडी, सरपण, एखादी शेळी आणि लेकरे घालून गावेच्या गावे कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटकाच्या वाटेला लागत. त्यानंतर गुढीपाडव्यापर्यंत आमच्या काउंटरसमोर रांग असे ती श्रावणबाळ आणि निराधार योजनेचे पैसे घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांची. एका तरुणाने आमच्याकडून कर्ज घेऊन पिठाच्या गिरणीला जोडून मिरची कांडप यंत्र बसवले होते. उन्हाळ्यात त्याला जेवायला उसंत नसे आणि जानेवारीत दळण घेऊन येणारे कोणी नसे, त्यामुळे हप्ते नेमके हिवाळ्यातच थकत. कागदोपत्री तो ‘अनियमित कर्जदार’ ठरला. खरे तर अनियमित होते ते त्याचे गिऱ्हाईक, आणि ज्या गावात अर्धे वर्ष गिऱ्हाईकच नाही, तिथे छोटा उद्योग कितीही अनुदान दिले तरी तग धरत नाही.

आता जनगणनेचे पाहू. २०११ ची लोकगणना, म्हणजे जनगणनेतला प्रत्यक्ष माणसे मोजण्याचा टप्पा, ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या गणनेचा नियम असा की, जो माणूस तिच्या संपूर्ण काळात घरी नसतो, त्याची नोंद तो जिथे मुक्कामाला असेल तिथे होते. फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात असतो. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या खात्यावर म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली नातवंडे राहिली, आणि कमावते हात दुसऱ्या जिल्ह्यांच्या किंवा दुसऱ्या राज्याच्या खात्यावर गेले; उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, प्रगणक पोहोचलाच नसेल, तर ते कुठेच गेले नाहीत. त्या गणनेनुसार मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख, म्हणजे राज्याच्या जवळपास सहावा हिस्सा होती. ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर ठरतो आणि कारखानदारही मनुष्यबळ पाहताना हेच तक्ते उघडतो, तेव्हा या चुकीची किंमत आम्ही दोनदा मोजतो.

त्याच तक्त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याची वाढ जवळजवळ २८ टक्के होती आणि उस्मानाबादची अवघी साडेअकरा टक्के. हा फरक केवळ जन्ममृत्यूचा नसावा. माणसे कामामागे गेली, आणि मराठवाड्यात काम एकाच कोपऱ्यात साचले. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर औरंगाबादजवळ चिकलठाणा आणि पुढे वाळूज येथे वसाहती उभ्या राहिल्या. ऐंशीच्या दशकात वाळूजला दुचाकींचा मोठा कारखाना आला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची रांग लागली. वाळूजचे खरे यश मी त्या लहान कारखान्यांत मानतो. मात्र केज किंवा भूमच्या मुलाला वाळूज काय आणि पुणे काय, दोन्ही सारखीच परकी. संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसले की पहाटे पुणे येते, म्हणून तो पुण्यालाच जातो.

यावर कोणी म्हणेल की कारखाने वाढवा, स्थलांतर आपोआप थांबेल. जालन्याकडे पाहिले की या ‘आपोआप’वरचा विश्वास उडतो. तेथील लोखंडी सळयांच्या कारखान्यांत भट्टीजवळची कामे करायला बिहार-उत्तर प्रदेशातून मजूर येतात, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील माणूस त्यांना ओलांडून ऊस तोडायला जातो. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा उसाच्या फडात उभे राहून पाहावे. तो जातो, कारण उचल आधी हातात पडते, तिच्यातून लग्नाचे किंवा दवाखान्याचे देणे फिटते, आणि नवरा-बायको दोघांना एकाच ठिकाणी काम मिळते. कारखान्यात ठेकेदारामार्फत एकट्या पुरुषाला काम मिळते, पगार महिना भरल्यावर होतो आणि खोलीचे भाडे त्यातूनच जाते. उचलीतले शोषण मला ठाऊक आहे, त्या फेऱ्यात पिढ्या अडकलेल्याही मी पाहिल्या आहेत. पण तिला पर्याय ठरणारे कर्ज बँकेने दिले नाही आणि कामगारांना कुटुंबासह राहता येईल अशी घरे वसाहतींनी बांधली नाहीत, हेही तितकेच खरे आहे. पाण्याचा प्रश्न आहेच. २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तथापि सोयाबीनचे तेल किंवा तुरीची डाळ काढायला वीज केंद्राइतके पाणी लागत नाही, आणि हा माल आमच्याच तालुक्यांतून पोत्यांनी बाहेर जातो.

प्रादेशिक असमतोलाची चर्चा १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून चालू आहे. त्यात अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांची विकासातली तूट, मोजला गेला तो रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा विषयांचा. हंगामी स्थलांतर हा त्यातला स्वतंत्र विषय नव्हता. मराठवाड्याच्या विकासासाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळाकडून काही अपेक्षा ठेवावी, तर त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

नव्या जनगणनेतील लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे आणि तिचा संदर्भ दिनांक १ मार्च आहे, म्हणजे पुन्हा ऐन हंगाम. राष्ट्रीय वेळापत्रक आमच्यासाठी बदलणार नाही, हे मी जाणतो. परंतु राज्य शासनाने साखर कारखान्यांच्या गाळप क्षेत्रात प्रगणक प्रत्यक्ष फडातील कोप्यांपर्यंत पाठवावेत, तिथे प्रत्येक कुटुंबाचे मूळ गाव आणि तालुका नोंदवावा, आणि अक्षय्य तृतीयेनंतर माणसे परतली की ग्रामसेवकांमार्फत त्याच कुटुंबांची गावात पडताळणी करावी. दोन्ही आकडे तालुकावार शेजारी-शेजारी छापावेत आणि पुढची औद्योगिक वसाहत कुठे काढायची, हे त्या तक्त्यावरून ठरवावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
केज, जि. बीड