दाब मोजायचं गेज आमच्या हातात देणाऱ्या मेकॅनिक चाचांना

आदरणीय चाचा,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं चाचा. पण आभार चारचौघांतच मानणार.

यंदा थंडी पडली आणि आमचा ट्रॅक्टर सकाळी सुरूच होईना. झाला तर पांढरा धूर, आणि उसाची ट्रॉली लावली की चढाला उचलेना. परभणी जिल्ह्यात ऐन तोडणीत ट्रॅक्टर उभा राहणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आधीच्या गॅरेजवाल्यांनी डिझेल फवारणारे नोझल बदलले, पंप खोलला, बॅटरी नवी घ्यायला लावली. शेवटी म्हणाले, पूर्ण इंजिनाचं काम काढा. सिलिंडरात दाब किती तयार होतो, हे एकानंही मोजलं नाही. अहो, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो! पिस्टन हवेला 16 ते 18 पट दाबतो, त्यानं ती 500 अंशांच्या वर तापते, म्हणून फवारलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. दाबच गळत असेल तर नवा नोझल काय करणार? तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही नोझल काढून तिथं गेजची नळी बसवली आणि स्टार्टर मारण्याआधी गेज माझ्या हातात दिलंत. "काटा तूच वाच बेटा. मी सांगतो म्हणून कशाला मानतोस?"

चाचा, हे मी विसरणार नाही. दोन सिलिंडरांत दाबाचा काटा 28 किलोच्या आसपास गेला, तिसऱ्यात 18 च्या पुढं सरकेना. मग त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून आत कंप्रेसरची हवा सोडलीत, आणि वडिलांना हाताला धरून सायलेन्सरपाशी नेलंत. फुसफुस त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकली. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, हवा आली असती तर पिस्टनच्या रिंगा खराब, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते तर हेडखालचं गॅस्केट खराब. इथं धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नीट बसत नव्हता. तेवढंच काम केलंत, तेवढेच पैसे घेतलेत.

अडलेल्या माणसाला अंधारात ठेवून पैसे काढणं लई सोपं असतं. तुम्ही वडिलांना, दहावीच्या पुढं न गेलेल्या माणसाला, इंजिन समजू शकतं असं धरून बोललात. त्यांच्याशी असं कुणी बोलत नाही.

धाकट्याला आयटीआयला डिझेल मेकॅनिकला घालायचं आता त्यांच्या मनात आहे. सुट्टीत तुमच्या हाताखाली पाठवू का, तेवढं कळवा.

तुमचा,
उसाच्या ट्रॉलीवाला